डीएनए चाचणीवरून स्कॉटिश खापरपणजोबांचा माग लागतो का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. आईच्या आजीचे वडील स्कॉटिश होते, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, राहायला इगतपुरीत, आडनाव ग्रँट. 1920 च्या सुमारास ते विलायतेला गेले ते परत आलेच नाहीत. पणजी तेव्हा बारा वर्षांची. ताईंनी डीएनए चाचणी करून घेतली, तीत ‘स्कॉटलंड’ 4 टक्के, ‘इंग्लंड आणि वायव्य युरोप’ 3 टक्के आणि बाकी सगळं भारतीय असं आलं. त्यांच्या भावानं निराळ्या कंपनीकडून पितृवंशाची चाचणी केली, तीत गट निघाला आर-वन-ए. कुणीतरी त्याला सांगितलं की हा व्हायकिंगांचा गट, क्लॅन डोनाल्ड या स्कॉटिश कुळाच्या मूळपुरुषाचा. आता घरात गोंधळ आहे. गोष्ट खरी का, आपला क्लॅन कोणता, टार्टन, म्हणजे क्लॅनचं चौकटींचं कापड, कुठलं घ्यायचं, आणि आजी म्हणायची तसं ग्रँट रोडवाल्या ग्रँटसाहेबांशी आपलं नातं आहे का?

मी मूळची नाशिकची, गेली बरीच वर्षं एडिंबरात असते आणि लोकांचे स्कॉटिश पूर्वज शोधून देणं हेच माझं काम आहे. गिऱ्हाईक बहुतेक कॅनडा, न्यूझीलंडकडचं. पण वर्षाकाठी दोनतीन चौकशा भारतातून येतात, आणि त्या मला जास्त आवडतात. कारण खाली येईलच.

आधी भावाच्या चाचणीचं बघू, म्हणजे ती बाजूला ठेवता येईल. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. भावाचं वाय आलं तुमच्या वडिलांकडून, त्यांचं त्यांच्या वडिलांकडून. तुम्ही लिहिलंय की वडिलांचं घराणं जुन्नरकडचं. म्हणजे त्या नळीत जे आलं ते जुन्नरचं. इगतपुरीच्या ग्रँटसाहेबांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, ते तर आईच्या बाजूचे. आर-वन-ए बद्दल सांगणारा अर्धं बरोबर बोलला. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी क्लॅन डोनाल्डच्या घराण्यांतल्या पुरुषांची तपासणी केली होती आणि त्यांचा मूळपुरुष सोमरलेड, जो 1164 साली मारला गेला, त्याचा पितृवंश आर-वन-ए चा, नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियन वळणाचा असावा असं दाखवलं होतं. पण आर-वन-ए हे फार जुनं, फार मोठं झाड आहे. त्याची एक फांदी, झेड-284, स्कँडिनेव्हियात वाढली. दुसरी, झेड-93, मध्य आणि दक्षिण आशियात. महाराष्ट्रात आर-वन-ए निघणं ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि निघतं ते झेड-93 खालचं. भावाच्या अहवालात खालची फांदी दिली असेल तर एकदा बघा. व्हायकिंग निघणार नाहीत.

तीच गोष्ट मातृवंशाची. तुम्ही स्वतः मायटोकाँड्रियल चाचणी करायच्या विचारात आहात, ती करू नका. तुमची ती रेषा आई, आजी, पणजी अशी सरळ वर जाते आणि पणजीच्या आईपाशी पोचते, म्हणजे साहेबांच्या बायकोपाशी. साहेब त्या रेषेत बसतच नाहीत. ती बाई इथली असेल तर भारतात सर्वत्र सापडणारा एखादा एम गट येईल आणि पैसे जाऊन हाती काही लागणार नाही. (ती बाई कोण होती हा प्रश्न मला साहेबांइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण घराघरांत तिचं नावही कुणी सांगत नाही. तुमच्या प्रश्नातही नाही.)

तेव्हा उरली ती सर्वसाधारण चाचणी, जी तुम्ही केलीच आहे. खरा प्रश्न तिच्यातले आकडे वाचायचे कसे हा आहे.

खापरपणजोबा सोळा जणांच्या पिढीतले, त्यामुळे त्यांचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के. प्रत्यक्षात कुणाला चार येतात, कुणाला नऊ, कारण प्रत्येक पिढीत पत्ते पिसले जातात. तुमचे 4 आणि 3 मिळून 7. घरच्या गोष्टीत हे चपखल बसतं. म्हणून ‘कुणीतरी युरोपीय होता’ एवढं मी बेधडक खरं धरीन.

पण त्यापुढे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे 4 टक्के स्कॉटलंड आणि 3 टक्के इंग्लंड ही फोड मनावर घेऊ नका. सखल भागातले स्कॉट, उत्तर इंग्लंडमधले लोक आणि आयर्लंडच्या उत्तरेकडल्या अल्स्टरचे प्रोटेस्टंट यांचं रक्त इतकं एकमेकांत मिसळलेलं आहे की कंपन्यांना ते नीट वेगळं करता येत नाही. 1609 नंतर स्कॉटलंडमधून माणसं अल्स्टरला नेऊन वसवली, हे एक कारण. 2015 साली ब्रिटनभरच्या लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऑर्कनी बेटांवरचे लोक ठळकपणे वेगळे दिसले, पण ‘केल्टिक’ असा एकच गट काही दिसला नाही. कंपनी तुलनेसाठी वापरते ते नमुने बदलते तेव्हा तुमचे टक्केही बदलतात. पुढच्या वर्षी 6 टक्के स्कॉटलंड दिसलं तर पेढे वाटू नका आणि 1 दिसलं तर रडू नका.

दुसरा खड्डा जास्त खोल. साहेब पूर्ण युरोपीय आणि त्यांची बायको पूर्ण भारतीय, तर तुमच्याकडे साधारण सव्वासहा टक्के येतात. पण साहेब आणि त्यांची बायको दोघंही निम्मे-निम्मे असतील, म्हणजे दोघंही अँग्लो-इंडियन, तरीही तुमच्याकडे तेवढेच येतात! रेल्वेत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर भरपूर होते, आणि ‘साहेब’ हा शब्द गावानं सगळ्यांनाच लावला. तुमचे खापरपणजोबा स्कॉटलंडमध्ये जन्मले की त्यांचे वडील किंवा आजोबा, हे टक्क्यांवरून कळत नाही. 1920 ला ‘विलायतेला गेले’ म्हणजे आपल्या गावी गेले, की ज्या देशात कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथे गेले, हेही नाही.

हे कळतं जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीवरून. लोक टक्क्यांचं रंगीत चित्र बघतात आणि ही यादी उघडतच नाहीत. उघडा. तिच्यात तुमच्याशी डीएनएचे तुकडे जुळणारी माणसं असतात आणि किती जुळतं ते सेंटीमॉर्गन या मापात दिलेलं असतं; आकडा मोठा तितकं नातं जवळचं.

आता भारतातल्या चौकशा मला का आवडतात ते सांगते. टोरंटोतला माणूस येतो तेव्हा त्याचे सोळाच्या सोळा खापरपणजोबा-पणज्या ब्रिटिश बेटांतले असतात. यादीत हजारो नावं, आणि कुठलं नाव कुठल्या बाजूचं हे ठरवण्यातच महिने जातात. तुमच्या यादीत जो कुणी निखळ ब्रिटिश दिसेल तो बहुधा एकाच दारातून आत आलेला आहे, इगतपुरीच्या क्वार्टरच्या. पसा-पसा तांदळात एकच वाटाणा, शोधायला सोपा. अट एवढीच की घरात दुसरीकडून युरोपीय रक्त आलेलं नसावं. वसई किंवा गोव्याकडची बाजू असेल तर पोर्तुगीज धागा येऊ शकतो. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

त्या यादीत दोन प्रकारची माणसं वेगळी काढा. एक, पूर्ण ब्रिटिश दिसणारी, ज्यांची झाडं स्कॉटलंड, कॅनडा, न्यूझीलंडमध्ये आहेत. दुसरी, तुमच्यासारखीच मिश्र, पण पर्थ, मेलबर्न किंवा लंडनमध्ये राहणारी. ही दुसरी माणसं मोठ्या संख्येनं असतील तर समजायचं की घराणं दोनतीन पिढ्या भारतातच होतं आणि 1947 नंतर पांगलं. फक्त पहिला प्रकार दिसला तर साहेब ताजे आलेले होते. मी तरी टक्क्यांपेक्षा याच्यावर जास्त विश्वास ठेवते. आणि 15 सेंटीमॉर्गनच्या खालच्या जुळण्यांच्या मागे लागू नका; त्यांतल्या कित्येक योगायोगाच्या असतात.

तुम्ही लिहिलंय की सर्वांत जवळची ब्रिटिश जुळणी 31 सेंटीमॉर्गनची आहे. हे अपेक्षितच आहे. साहेबांच्या भावाबहिणींचे तुमच्या पिढीतले वंशज हे तुमचे चौथ्या पायरीचे चुलतभाऊ. अशा नात्यात जुळलंच तर सरासरी 35 च्या आसपास जुळतं, आणि निम्म्या वेळा काहीच जुळत नाही. म्हणजे खरे नातेवाईक समोर असूनही अर्धे तुम्हाला दिसतच नाहीत.

म्हणून माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. तुमच्या प्रश्नात शेवटी सहज एक वाक्य आहे, ‘आजीचे धाकटे भाऊ आहेत, 84 वर्षांचे, देवळालीला असतात.’ ताई, चाचणी त्यांची करायची होती, तुमची नाही. साहेब तुमचे खापरपणजोबा, पण त्यांचे सख्खे आजोबा, आईचे वडील. त्यांच्यात साहेबांचा वाटा चौथा हिस्सा. साहेबांच्या भावंडांची नातवंडं ही त्यांची दुसऱ्या पायरीची भावंडं, आणि तिथे सरासरी 230 सेंटीमॉर्गन जुळतं, न जुळण्याचा प्रश्नच जवळजवळ नाही. तुमच्या यादीत 31 वर चाचपडणारी व्यक्ती त्यांच्या यादीत शंभराच्या घरात जाऊ शकते. नवी कंपनी, महागडी चाचणी, काही नको. देवळालीची एक फेरी करा.

त्यांना नीट समजावून सांगून, त्यांच्या परवानगीनंच करा मात्र. ही माहिती त्यांची आणि तिच्यातून काहीही बाहेर येऊ शकतं. शिवाय 2023 साली ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून सुमारे 69 लाख लोकांची माहिती फुटली आणि 2025 ला ती कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा जुळणाऱ्यांना कुठलं नाव दिसावं, नळीतला नमुना ठेवायचा की नाही, हे आधीच ठरवून अर्जावर तशा खुणा करा. व्यवहाराची एक गोष्ट: म्हाताऱ्या माणसांना नळीभर थुंकी जमवणं कठीण जातं. सकाळी, चहाच्या आधी बसवा, गाल बाहेरून चोळायला सांगा, लिंबाचं लोणचं नुसतं समोर धरा. खाऊ द्यायचं नाही. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेणारी कंपनी निवडली तर हा प्रश्नच येत नाही.

‘काहीही बाहेर येऊ शकतं’ म्हणजे काय, ते एका प्रकरणावरून सांगते. ओळखीच्या खुणा बदलल्यात. नगरकडचं एक कुटुंब, तिथेही स्कॉटिश आजोबा, तिथेही रेल्वे, आडनाव आपण गॉर्डन धरू. आजीची चाचणी केली. यादीत न्यूझीलंडमधल्या डनेडिनची एक बाई निघाली, 96 सेंटीमॉर्गनची. तिच्या झाडात गॉर्डन एकही नाही. मग आणखी तिघं सापडली, एकमेकांशीही जुळणारी, आणि त्या सगळ्यांची झाडं बॅन्फशायर परगण्यातल्या एकाच खेड्यातल्या एका शेतकरी घरापाशी येऊन मिळत होती. तिथेही गॉर्डन नाही. मी आठवडाभर डोकं धरून बसले. मग 1871 च्या शिरगणतीत शेजारच्या शेतावर एक गॉर्डन आडनावाची मोलकरीण दिसली, आणि तिच्या वडिलांच्या घरी एक वर्षाचा नातू, त्याचंही आडनाव गॉर्डन. लग्नाशिवाय झालेलं मूल, आईच्या नावावर नोंदलेलं. ईशान्य स्कॉटलंडमध्ये त्या काळात हे इतकं सर्रास होतं की गावात कुणी भुवई उंचावत नसे. उंचावत होतं फक्त चर्च. तिथल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळाच्या, कर्क सेशनच्या, वह्यांत आईला बोलावून बापाचं नाव वदवून घेतल्याची नोंद असते. मिळाली. डनेडिनच्या बाईच्या पणजोबांच्या भावाचं नाव. कुटुंबानं पन्नास वर्षं गॉर्डन क्लॅनचं टार्टन भिंतीवर लावलं होतं. काढलं नाही, आणि मीही काढा म्हटलं नाही.

यावरून क्लॅनच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लक्षात आलं असेल. आडनाव ग्रँट म्हणजे ग्रँट क्लॅनच्या नायकाचं रक्त, असं नाही. नायकाच्या जमिनीवर राहणारे त्याचं नाव लावत. फ्रेझरांबद्दल तर सांगतात की नाव घेणाऱ्याला ओटच्या पिठाचं माप मिळे आणि अशांना ‘पिठाचे फ्रेझर’ म्हणत. ग्रँटांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. 1603 साली मॅकग्रेगर हे नावच कायद्यानं बंद केलं, मधे थोडी ढील सोडली तर 1774 पर्यंत ती बंदी होती, आणि त्या काळात मॅकग्रेगरांनी शेजाऱ्यांची नावं घेतली: कॅम्बेल, ड्रमंड, मरे, आणि ग्रँटही. म्हणून काही ग्रँटांचं वाय गुणसूत्र मॅकग्रेगरांशी जुळतं. हे तपासायचं तर साहेबांच्या मुलाच्या मुलाचा मुलगा लागेल, सरळ पुरुषांची रेषा. पणजीला भाऊ होते का? त्यातला एखादा ऑस्ट्रेलियाला गेला होता का? त्याचा नातू सापडला तर त्याला वाय चाचणी करायला सांगा, तिथे पैसे सार्थकी लागतील. टार्टनचं म्हणाल तर आवडेल ते घ्या. ‘एका क्लॅनचं एक टार्टन’ ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली फॅशन. 1822 ला राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी सोहळा मांडला आणि तिथून तिला उधाण आलं.

ग्रँट रोडचे ग्रँट म्हणजे 1835 ते 1838 मुंबईचे गव्हर्नर असलेले रॉबर्ट ग्रँट. घराणं इन्व्हर्नेसकडचं, पण स्वतः बंगालमध्ये जन्मलेले. इगतपुरीचा ड्रायव्हर त्यांचा नातलग असण्याची शक्यता, खरं सांगायचं तर, नाशिकच्या प्रत्येक कुलकर्ण्याचं एकमेकांशी नातं असण्याइतकी आहे.

आता कागद. डीएनए माणसं जोडून देतो, पण नाव, गाव, तारीख कागदच देतो, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही देशांत कागद चांगले आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मे, लग्नं, दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या) दप्तरात एन-3 या मालिकेत आहेत आणि बऱ्याचशा ऑनलाइन शोधता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधयादी फुकट आहे, तिथून सुरुवात करा. पणजीचा बाप्तिस्मा साधारण 1908 चा सापडला तर बापाचं पूर्ण नाव आणि हुद्दा मिळेल, आईचं बहुधा नुसतं पहिलं नाव. त्यांचं चर्चमध्ये लग्न झालं असेल तर त्या नोंदीत नवऱ्याच्या वडिलांचं नाव असतं, आणि ते सोन्यासारखं. विलायतेहून करारावर नेमलेल्या रेल्वे नोकरांचेही कागद त्याच दप्तरात आहेत. साहेब तिथे सापडले तर ‘ताजे की इथलेच’ हा वाद एका फटक्यात मिटेल. कॅथलिक लग्न असेल किंवा लग्नच झालं नसेल तर काम अवघड होतं, हे आधीच सांगून ठेवते.

साहेब 1870 च्या आसपास स्कॉटलंडमध्ये जन्मले असतील तर तुमचं नशीब जोरावर आहे. तिथे 1 जानेवारी 1855 पासून सक्तीची जन्ममृत्यू नोंद आहे आणि इंग्लंडपेक्षा कितीतरी भरघोस. 1861 नंतरच्या जन्मदाखल्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि गावही असतं. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव. हे सगळं स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर मिळतं, एका दाखल्याच्या चित्राला साधारण दीड पौंड पडतात. पण नुसतं ‘ग्रँट’ टाकून शोधू नका. मरे परगण्यात आणि इन्व्हर्नेसकडे दगड मारला तर ग्रँटला लागतो, पैसे उडतील. पहिलं नाव आणि बापाचं नाव हाती आल्याशिवाय त्या दुकानात शिरायचं नाही.

आणि 1920 नंतरचं. ते परत का आले नाहीत, याचं उत्तर मृत्यूच्या दाखल्यावर कधीकधी दिसतं: ‘विवाहित’ असं लिहिलेलं असतं आणि बायकोचं नाव दुसरंच. देवळालीच्या आजोबांची जुळणी कुणाशी अपेक्षेपेक्षा बरीच जवळची आली, 400-500 सेंटीमॉर्गनची, तर ती व्यक्ती साहेबांच्या तिकडच्या संसारातली नात किंवा नातू असू शकते. तसं झालं तर त्यांना निरोप पाठवायच्या आधी आजोबांना विचारा. त्यांच्या आईचा बाप आहे तो.

तर क्रम असा धरा: देवळालीची फेरी, पणजीचा बाप्तिस्मा, मग यादीतली माणसं, आणि स्कॉटलंडचे दाखले सगळ्यात शेवटी. अहवाल यायला सहाआठ आठवडे लागतात, तोवर मला तीन गोष्टी इथेच लिहून कळवा: पणजी कुठल्या चर्चमध्ये जात असे, तिला भाऊ होते का, आणि तिच्या आईचं नाव कुणाला आठवतंय का. तिसरी गोष्ट आजोबांनाच विचारा. आईच्या तोंडून आजीचं नाव त्यांनी कधीतरी ऐकलं असणार.